फाईल आधी निघाली

सुधाकरराव कळंब्यांच्या घरात आवाज करणारे आता दोघंच उरले होते. एक कुकर आणि दुसरा ओटीपी.

त्यांच्या पत्नी सुमनबाई लेकीच्या, प्रणालीच्या, बाळंतपणासाठी भोपाळला गेल्या, त्या सव्वा महिन्यात परतणार होत्या. मग नात उपडी पडेपर्यंत थांबल्या. ती पडली, तर रांगेपर्यंत थांबल्या. ती रांगायला लागते न लागते तोच प्रणालीची सुट्टी संपली. पाळणाघरात लेकरं आजारी पडतात, हे सगळ्यांना पटलं. सुधाकररावांनाही पटलं. नसतं पटलं तर सांगणार कोणाला? घरात ऐकायला होतं कोण? भोपाळ म्हणजे काही सातासमुद्रापलीकडे नाही. सुधाकररावांच्या सौंसरहून पांढुर्ण्याच्या स्टेशनवर जावं, गाडीत बसावं, रात्री झोपायला भोपाळ. पण जवळच्या गावाचं असं असतं, की जवळच आहे म्हणून जाणं राहून जातं.

राहता राहिला ओटीपी. सुमनबाईंच्या आधारला, बँकेला, गॅसला, सगळ्याला नंबर जोडलेला होता तो सुधाकररावांचा. त्यामुळे भोपाळात सुमनबाईंनी काहीही करायला घेतलं की सौंसरला खिशात टुण्ण वाजायचं आणि पाठोपाठ फोन यायचा.

"आला का जी?"

"आला. जेवली का तू?"

"नंबर सांगा आधी. वेळ जाऊन राहिला."

सुधाकरराव नंबर सांगायचे, पण एकेक आकडा सुटा करून. "चार... गुडघा कसा हाये?... सात... अन् इकडे थंडी पडली बरं का... आता दोन..." तोवर त्या ओटीपीची मुदत संपायची. मग दुसरा मागवावा लागायचा. सुमनबाई चिडायच्या, सुधाकरराव दिलगिरी व्यक्त करायचे. मनापासून करायचे की नाही, ते त्यांनाच ठाऊक.

तर अशा या घरी डिसेंबरात प्रणालीचा फोन आला. नातीचा पहिला वाढदिवस गुरुवारी आहे, बाबांचं बुधवारचं तिकीट काढलंय, पांढुर्ण्याहून संध्याकाळची गाडी. "आणि बाबा, येताना आईचे सगळे ओरिजनल कागद आणा. आधारवरचा पत्ता इथला करून टाकू. मोबाईल नंबर पण माझा टाकते. तुम्हाला उगीच दर वेळी त्रास."

"बरं," सुधाकरराव म्हणाले.

मग सुमनबाई फोनवर आल्या. "अन् कपाटात माझ्या उरलेल्या साड्या हायेत ना, त्या पण घेऊन या."

"बरं," सुधाकरराव म्हणाले.

दोन वेळा बरं म्हटल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. त्यांना रात्रीची पोळी गेली नाही. पत्ता बदलणं म्हणजे काय असतं ते त्यांच्याइतकं सौंसरात कोणाला कळणार? सिंचाई, म्हणजे पाटबंधारे खात्यात ते बाबू होते. रजिस्टरातून एकदा नाव दुसऱ्या गावाला चढलं की ते माणूस आपलं राहत नाही, तिकडचा बाबू बघून घेतो.

पण कामात कसूर करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. खात्यात त्यांची ख्याती होती: कळंबेबाबूंच्या टेबलावरून आजवर एक कागद हरवला नाही. लोकांना त्यांनी झेरॉक्स कमी आहे म्हणून परत पाठवलं असेल, फोटोत कान दिसत नाहीत म्हणून पाठवलं असेल, पण हरवलं म्हणून कधी नाही. प्रवासातही तसंच. आजवर सामान बांधायच्या सुमनबाई, आणि सुधाकरराव फक्त फाईल धरायचे. गाडीत इतरांचं लक्ष पेट्यांवर असायचं, यांचं फाईलवर. झोपतानाही ती उशाखाली. जेजुरीला गेले तेव्हा देवाला हात जोडायचे होते म्हणून त्यांनी फाईल दातात धरली होती, अशी एक गोष्ट सुमनबाई सांगायच्या. सुधाकररावांच्या मते ती काखेत होती.

या खेपेला त्यांनी नवी हिरवी फाईल आणली. आत प्लास्टिकचे कप्पे. पहिल्यात दोघांचे आधार, दुसऱ्यात सुमनबाईंचं पॅनकार्ड आणि पासबुक, तिसऱ्यात लग्नाचा दाखला, चौथ्यात दवाखान्याचे रिपोर्ट, पाचव्यात तिकिटाची छापील प्रत, आणि शेवटच्या कप्प्यात या सगळ्याच्या झेरॉक्स. ओरिजनल हरवलेच तर झेरॉक्स हाताशी असाव्यात म्हणून. त्या दोन्ही एकाच फाईलीत आहेत यात काही गैर आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ओरिजनल हरवतील असं त्यांना मुळात वाटतच नव्हतं.

झेरॉक्स काढायला ते गौतमच्या ऑनलाईन सेंटरवर गेले होते. गौतम बडबड्या माणूस. मशीन चालते तोवर तोंडही चालतं.

"काका, हे सारं मोबाईलमधी टाकून देऊ का? कागद न्यायची गरजच नाही."

"कागद तो कागद."

"बरं. अन् काकूचा पत्ता बदलवून राहिले तं नंबर बी तिकडचाच टाका. नाहीतर तुम्हाले आयुष्यभर ओटीपीच सांगत बसा लागन."

"तेच करून राहिलो," सुधाकरराव म्हणाले आणि सुटे पैसे न घेताच निघाले. गौतमनं मागून हाक मारली तेव्हा ते पार बसस्टँडपर्यंत पोचले होते.

तयारीची बातमी गल्लीत पसरली आणि एक नवलच घडलं. ज्या घराची बेल कित्येक दिवस दूधवाल्याशिवाय कोणी वाजवली नव्हती, तिथे माणसं यायला लागली. आपल्याकडे माणूस एकटा राहतो म्हणून कोणी विचारायला येत नाही. पण तो गावाला चालला म्हटलं की सल्ला द्यायला सगळे येतात. सुधाकरराव चहा टाकायचे. पातेल्यात दोन कपांचं पाणी ओतताना त्यांना मोठ्या घरच्या यजमानासारखं वाटायचं.

रोज येणारे म्हणजे उत्तरेकडच्या घरातले भैय्याजी. त्यांची संत्र्याची बाग होती, आणि एकदा टूरच्या बसनं ते रामेश्वरला जाऊन आले होते. त्या एका प्रवासावर ते अजून जगत होते.

"सुधाकरभाऊ, फाईलले प्लास्टिकची पन्नी लावा. वरच्या बर्थवरून पाण्याची बाटली गळली तं? आमच्या रामेश्वरच्या बसमधी एका माणसाचं सारं पासबुक भिजलं. बिचारा वाळवत वाळवत मदुराईपर्यंत गेला."

पन्नी लागली.

"टॉर्च घेतला?"

"घेतला."

"दोरी? साखळी? शिट्टी?"

"शिट्टी काहून?"

"हरवले तं वाजवाले."

शिट्टीही घेतली. तयारी एका दुपारी उरकली असती. पण उरकली असती तर भैय्याजी घरी बसले असते. म्हणून सुधाकरराव रोज संध्याकाळी बॅग पुन्हा उघडायचे आणि भैय्याजींसमोर काळजीचा चेहरा करून म्हणायचे, "काहीतरी राहून राहिलं असं वाटते."

खरोखर राहिलेलं शोधून काढलं केसरकाकूंनी. केसरबाई दक्षिणेकडच्या घरात राहायच्या. वय झालेलं, पण पंचांग तोंडपाठ. सोमवारी दुपारी त्या वाळवणाच्या खारोड्यांची पिशवी घेऊन आल्या, पाटावर टेकल्या आणि म्हणाल्या, "कवा निघून राहिला रे?"

"बुधवारी, काकू."

"बुधवारी? उत्तरेले?" काकूंनी खारोड्यांची पिशवी पुन्हा स्वतःकडे ओढली, जणू या माणसाला आता खारोड्यांचा काय उपयोग. "बुधवारी उत्तरेले दिशाशूळ असते बाप्पा! कोणी जाते का?"

"मंगळवारी निघतो मग."

"मंगळवारी बी उत्तरेलेच असते."

"काकू, रिझर्वेशन झालं. गाडी काही पंचांग पाहून येत नाही."

"मंग प्रस्थान ठेव."

ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर, वाईट दिवशी निघणं भाग असेल तर चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. मग आपण निघायचं तेव्हा निघायचं, आणि जाता जाता ती वस्तू उचलायची. दिशाशूळ फसतो. सुधाकररावांना ही युक्ती फार आवडली. मागच्या तारखेचा शिक्का मारण्यासारखंच होतं ते.

"काय ठेवू? सुपारी?"

"सुपारी ठेवतात, तांदूळ ठेवतात, धोतर ठेवतात. पण त्यात जीव पाहिजे. ज्याच्याबिगर तुझा पाय घरातून उचलणार नाही, असं ठेव. अन् एक ध्यानात धर, उंबरठ्याबाहेर गेलेलं प्रस्थान वापस घरात आणाचं नाही. निघताना उचलाचं अन् सरळ जाचं."

सुधाकररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. धोतराशिवाय पाय उचलला असता, ते पँट घालत. टॉर्चशिवाय, शिट्टीशिवायही उचलला असता. सोमवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, त्यांनी हिरव्या फाईलला हळदकुंकू लावलं आणि ती दोन्ही हातांनी धरून उत्तरेकडच्या घरी नेऊन ठेवली. भैय्याजींनी ती देवघराखाली पाटावर मांडली.

"तुम्ही बुधवारी घरीच हाये ना?"

"मी कुठी जाऊन राहिलो? बुधवारी रामाकोन्याले आमच्या चुलत सासऱ्याची, बापूजीची, तेरवी हाये. बायको गेली. मी त्या घरी पाय ठेवत नाही. साळ्यासंगं बोलचाल बंद हाये, रामेश्वरपासून."

मंगळवार कठीण गेला. फाईल जवळ नव्हती. तीन-चार वेळा ते भैय्याजींच्या फाटकापर्यंत गेले आणि उभ्या उभ्याच विचारून आले, "हाये ना?" आतून उत्तर यायचं, "हाये जी." रात्री पलंगाचा सुमनबाईंकडचा भाग साड्यांच्या गाठोड्यानं भरला होता. ते गाठोडं बरंच मोठं होतं. उरलेल्या म्हणजे किती, हे सुमनबाईंनी सांगितलं नव्हतं, म्हणून सुधाकररावांनी कपाट पूर्ण रिकामं केलं होतं. काम करायचं तर पूर्ण करायचं.

बुधवारी सकाळी, संध्याकाळची गाडी गाठण्यासाठी, सुधाकरराव पहिल्या चहाबरोबर तयार होते. घराला कुलूप. हातात बॅग, खांद्यावर साड्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात संत्र्यांची थैली, गळ्यात शिट्टी. केसरकाकूंनी ओट्यावरूनच हातावर दही घातलं. ते चाटून ते ऐटीत उत्तरेकडे वळले.

भैय्याजींच्या दाराला कुलूप होतं.

सुधाकररावांनी फोन लावला. फोन वाजला, तो आत, देवघराच्या बाजूनं. रिंगटोनवर आरती होती. ती आरती पूर्ण झाली, पुन्हा लावला, पुन्हा झाली. केसरकाकूंनी सवयीनं हात जोडले.

"अरे, भैय्याजी तं पहाटेच गेले ना! साळा आलता फटफटीवर. हात जोडले त्यानं, पाया पडला, दोघंबी रडले. मंग बसवून घेऊन गेला रामाकोन्याले."

"अन् माझी फाईल?"

"काखेत काहीतरी होतं बाप्पा. मले वाटलं टॉवेल असन."

टॉवेल की फाईल? खिडकीतून डोकावून पाहिलं, तर पाट अंधारात. गल्लीतली माणसं जमली. एक म्हणाला कुलूप तोडा. दुसरा म्हणाला, भैय्याजींनी हे कुलूप रामेश्वरहून आणलंय, ते तुटलं तर पुन्हा बोलचाल बंद होईल, आता तुमच्याशी. तिसऱ्यानं सुचवलं, "घरून दुसरं आधार घेऊन या ना." सुधाकररावांनी त्याच्याकडे बघितलं. जन्मभर ते जसे काउंटरपलीकडून लोकांकडे बघायचे, तसं आज कोणीतरी त्यांच्याकडे बघत होतं.

घरात परत जाता येत नव्हतं. प्रवास सोमवारीच सुरू झाला होता. सुधाकरराव रामाकोन्याच्या बसमध्ये चढले.

बस बागांमधून चालली होती, झाडं संत्र्यांनी वाकलेली. फाईल हरवली या विचारानं वाईट वाटायला हवं होतं. ते वाटेना. उलट हलकं वाटत होतं. सुधाकररावांनी स्वतःला तपासून पाहिलं. फाईल नाही म्हणजे सुमनचं आधार नाही. आधार नाही तर पत्ता बदलणार नाही, नंबरही बदलणार नाही. आणि यात आपला काही दोष नाही. हा विचार त्यांच्या मनात इतक्या सहज येऊन बसला, की त्यांना त्याचीच लाज वाटली आणि त्यांनी खिडकी उघडली. गार वारा आत आला. मागच्या बाईनं बंद करायला सांगितली.

रामाकोन्यात तेरवीचं, म्हणजे तेराव्याचं, घर शोधावं लागलं नाही. मांडव दिसत होता. पण एक गोष्ट सुधाकररावांनी विचारात घेतली नव्हती. तेरवीच्या मांडवात बॅग, गाठोडं आणि थैली घेऊन कोणी शिरलं, तर लोक काय समजतील?

"लांबून आलेले दिसतात," कोणीतरी हळूच म्हणालं. दोघांनी धावत येऊन बॅग घेतली. एकानं पाय धुवायला पाणी दिलं. "या, बसा जी. प्रवास लई झाला असन."

"सौंसरहून आलो. मले भैय्याजीले भेटाचं..."

"भेटाल जी, सारे भेटतील. आधी जेवा."

पानावर वडे आले, पुरी आली, कढी आली. दुःखाच्या घरी पानावरून उठता येत नाही. सुधाकरराव जेवले. मान वर करून पाहिलं तर भैय्याजी कुठेच नाहीत. समोरच्या पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बापूजीची अन् तुमची कशी ओळख?"

"तशी... अलीकडचीच."

हात धुऊन ते मांडवाबाहेर सटकणार तेवढ्यात माईक सुरू झाला. तिकडे तेरवीला मयतावर दोन शब्द बोलायची रीत आहे. सरपंच बोलले, सोसायटीचे अध्यक्ष बोलले. मग माईकवाला म्हणाला, "आपल्यात एक पाहुणे लांबून, सारं सामान घेऊन, खास बापूजीसाठी आले आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

सगळ्या माना वळल्या. सुधाकररावांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

माईकपुढे उभं राहून त्यांनी गळ्यातली शिट्टी सदऱ्यात लपवली. बापूजी उंच होते की ठेंगणे, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. समोर बायकांमध्ये बापूजींची बायको बसली होती. सुरकुतलेले हात मांडीवर, नजर मांडवाच्या खांबावर. सुधाकररावांनी खात्यात कधी एका ओळीचंही भाषण केलं नव्हतं. ते म्हणाले:

"मी बापूजींना जास्त ओळखत नव्हतो."

सरपंचांनी मान वर केली. हे कोणी आजवर माईकवर म्हटलं नव्हतं.

"पण घरातलं माणूस गेलं की काय होते, ते मले माहीत आहे. चहा एकच कप लागते, पण हात दोन कप काढते. मग एक परत ठेवाचा. हे रोज होते. माणसाले वाटते, शिकून जाईन. शिकत नाही जी. अन् घरात काही सापडत नसलं, तं आपण मोठ्यानं विचारतो, कुठी ठेवलं म्हणून. उत्तर येत नाही, तरी थोडा वेळ थांबतोच आपण. रात्री पलंगाच्या आपल्याच बाजूले झोपतो. सारा पलंग रिकामा असते, तरी आपल्याच बाजूले." त्यांनी माईक जरा खाली ओढला. "लोक म्हणतात सवय होते. कोणाले झाली असन तं मले सांगा. मी येऊन भेटीन."

बापूजींची बायको खांबाकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघू लागली आणि पदरात तोंड घालून रडली. मग बायका रडल्या. सरपंचांनी नाक शिंकरलं. खाली उतरल्यावर एका बाईनं विचारलं, "किती दिवस झाले हो, वहिनीले जाऊन?"

"वर्ष होऊन गेलं," सुधाकरराव म्हणाले. आणि तिचा चेहरा बघून घाईघाईनं, "भोपाळले! भोपाळले गेली!"

पण तोवर बाई कळवळून पुढे सरकली होती.

शेवटी भैय्याजींचा साळा सापडला. डोळे पुसत म्हणाला, "भाऊजी तं केव्हाच पांढुर्ण्याले गेले जी. एकाची गाडी चालली होती, तिच्यात बसले. काखेत एक हिरवी फाईल होती. जेवतानाबी खाली ठेवली नाही. म्हणे हे एका माणसाचं प्रस्थान हाये, टेसनवर त्याच्या हाती देतो. लई जबाबदार माणूस."

म्हणजे फाईल सापडली होती. सुधाकररावांना जे वाईट सकाळी वाटायला हवं होतं, ते आता वाटलं.

परतीच्या बसला वेळ होता. थांब्यावर गाठोड्यावर बसून त्यांनी सुमनबाईंना फोन लावला. आणि का कोण जाणे, ते म्हणाले, "फाईल सापडून नाही राहिली."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग, "माझं आधार बी त्यातच होतं?"

"सारंच."

"थांबा जरा." दार लावल्याचा आवाज आला. आता सुमनबाईंचा आवाज खालच्या पट्टीत होता. बाल्कनीत असाव्यात. "तुम्ही जीवाले लावून घेऊ नका. मिळाले तं मिळाले, नाही तं काही घाई नाही. प्रणालीनंच काढलं ते, पोरीचं मन मोडवत नाही. साड्या घेतल्या का?"

"घेतल्या."

"कोणत्या?"

"साऱ्या."

"साऱ्या?" आवाज एकदम वर गेला. "उरलेल्या म्हटलं होतं मी, साऱ्या नाही! अहो, मी आली तं तिथं नेसू काय? तुमचं धोतर?"

"मी धोतर नेसत नाही."

"तेच तं!" सुमनबाई म्हणाल्या, आणि फोन बंद केला.

सुधाकररावांनी फोन सदऱ्याला पुसून खिशात ठेवला. ओटीपीशिवाय इतकं बोलणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. बस आली. ती सौंसरला घेऊन गेली, तिथून दुसरी पांढुर्ण्याला. सौंसरात बस बदलताना ते स्टँडबाहेर पडलेसुद्धा नाहीत, न जाणो घर दिसलं तर.

घरून सकाळीच निघाल्याचा एवढा एक फायदा झाला. पांढुर्ण्याला गाडीला अजून वेळ होता. प्लॅटफॉर्मवर, बाकाच्या मधोमध, भैय्याजी बसले होते. फाईल मांडीवर, आणि दुपट्ट्यानं मनगटाला बांधलेली.

"या!" ते ओरडले. "कुठी होते तुम्ही? मी पहाटे तुमचं दार वाजवणार होतो, पण प्रस्थान तुमच्या उंबरठ्यावर वापस कसं नेऊ? केसरकाकूकडे ठेवलं असतं, तं त्याइचं घर दक्षिणेले. रिकाम्या घरात माणसाचे कागद सोडणं बरं नाही. म्हटलं, संगं घेऊन चला. पाहा, पन्नीसुद्धा फाटू दिली नाही!"

या माणसावर रागावणं शक्य नव्हतं. सुधाकररावांनी गाठ सोडली, फाईल उघडली. सगळं जिथल्या तिथे होतं. पहिल्या कप्प्यात दोन आधार, एकमेकांना चिकटलेले. त्यांनी नखानं ते वेगळे केले. स्वतःचं काढून खिशात ठेवलं, तिकीट काढून ठेवलं. मग फाईल बंद केली, पन्नी नीट लावली, आणि भैय्याजींच्या हातात परत दिली.

"हे काय?"

"घरी घेऊन जा. तुमच्या देवघराखाली राहू द्या."

"अन् वहिनीचे कागद? पोरीले काय सांगाल?"

"विसरलो म्हणून सांगतो."

भैय्याजींना धक्का बसला. "तुम्ही? कळंबेबाबू? कागद विसरले? सौंसरात कोणाले पटन का?"

सुधाकररावांनी खिशातलं तिकीट चाचपलं. एका आयुष्यात माणसाकडे मिरवायला किती गोष्टी असतात? त्यांच्याकडे तेवढी एक होती.

"तुम्ही सांगा लोकाइले," ते म्हणाले. "तुमचं पटते त्याइले."

"सांगू?" भैय्याजींच्या डोळ्यांत हळूहळू चमक आली. रामेश्वरनंतर एवढी मोठी बातमी त्यांच्या हाती लागली नव्हती. "खरंच सांगू?"

"सांगा."

गाडी आली. गाठोडं दारात अडकलं, भैय्याजींनी खालून ढकललं. जागेवर बसल्यावर सुधाकररावांनी प्रणालीला फोन केला.

"बसलो. पण बेटा, फाईल राहिली. विसरलो."

"बाबा! तुम्ही विसरलात?" प्रणाली इतकी घाबरली की तिनं आधी तब्येत विचारली, बीपीची गोळी विचारली, आज वार कोणता तेही विचारलं. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं. मग तिनं सुस्कारा सोडला. "कुरियरनं मागवू या का?"

मागून सुमनबाईंचा आवाज आला, चांगला मोठ्यानं, बिल्डिंगभर ऐकू जाईल असा. "ओरिजनल कागद कोणी कुरियरनं पाठवते का? याइले एक काम सांगावं तं! आता मलेच जा लागन सौंसरले, कागद आणाले!"

"ऐकलंत ना बाबा? आई किती चिडलीये."

"चिडू दे," सुधाकरराव म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना कळेना, हात कुठे ठेवावेत. मांडी रिकामी होती. समोरचा प्रवासी खिडकीला डोकं टेकून झोपला होता, बोलायला कोणी नव्हतं. कागद न्यायला आलेलं माणूस कागद मिळाले की निघून जातं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. सुमन येईल, दोन दिवस राहील, आणि जाईल. पण दोन दिवस तरी राहील. तिगावचं स्टेशन न थांबताच मागे गेलं. बाहेर अंधारत आलं होतं. सुधाकररावांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात स्वयंपाकघरापासून घर झाडायला घेतलं.